हायब्रीड मोटार : बचत कोणाची, चैन कोणाची?

मराठवाड्यातील एका अख्ख्या पिढीला 'हायब्रीड' हा शब्द ठाऊक झाला तो ज्वारीमुळे. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण देशात प्रसारित झाले आणि पुढील काही वर्षांत नांदेड, परभणी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या बोलण्यात हा इंग्रजी शब्द असा काही रुळला की, 'हायब्रीड' म्हणजे ज्वारीच, असे समीकरण होऊन बसले. त्या ज्वारीने एक धडाही दिला. खत, पाणी आणि निगा वेळेवर मिळाली तर ती गावठी वाणाला सहज मागे टाकी. यांपैकी काही कमी पडले तर महागड्या बियाण्याचा खर्चही अंगावर येई. बियाणे चांगले की वाईट, एवढाच प्रश्न विचारून भागत नव्हते. ते कोणत्या रानात आणि कोणाच्या ऐपतीवर पेरले जाते, यावर सारा हिशेब अवलंबून होता.

आज तोच शब्द नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या औसा रस्त्यावर एका वेगळ्याच वस्तूच्या संदर्भात ऐकू येतो. आकाराने आटोपशीर, बांधणीने उंच, आत चामडी आसने आणि मोठा पडदा, गियर बदलण्याची कटकट नाही आणि पेट्रोल कमी पिणारी अशी हायब्रीड मोटार ही या दोन शहरांतील सुस्थित वर्गाची नवी आकांक्षा झाली आहे. पूर्वी चैन आणि काटकसर या दोन गोष्टी एका ठिकाणी नांदत नसत. या मोटारीने त्या दोघींचा संसार मांडून दिला आहे, असे विक्रेते सांगतात. केंद्राने २०२५ साली आठवा वेतन आयोग नेमल्यापासून तर पगारदारांच्या घरांतही अशा मोटारीचे बेत रंगू लागले आहेत. म्हणूनच या दाव्याची शांतपणे तपासणी होणे आवश्यक आहे. मोटार उत्तम आहे काय, याचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. परंतु नांदेड किंवा लातूर शहरात चालविण्यासाठी ती घेणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि खरा प्रश्न तोच आहे.

प्रथम या यंत्राचे श्रेय त्याला दिले पाहिजे. साध्या मोटारीत ब्रेक दाबला की तिच्या वेगातील सारी शक्ती उष्णता होऊन हवेत विरते आणि पुन्हा वेग घेण्यासाठी नव्याने पेट्रोल जाळावे लागते. सिग्नलला गाडी उभी असली तरी इंजिन चालूच राहते. शिवाय पेट्रोल इंजिन मंद गतीत आणि हलक्या भारावर सर्वांत अकार्यक्षम असते. शहरातील वाहतूक तर नेमकी अशीच, थांबत-अडखळत चाललेली असते. हायब्रीड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेवर चालणारे यंत्र आणि एक छोटी बॅटरी असते. ब्रेक लावताना ते यंत्र जनित्र बनते आणि वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत साठविते. गाडी हलविण्याचे आणि मंद गतीत ओढण्याचे काम पुष्कळदा हीच वीज करते. इंजिन त्या वेळी बंद असते. बॅटरी बाहेरून प्रभारित करावी लागत नाही. विजेच्या लपंडावाला सरावलेल्या गावांच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

ही कल्पना नवीही नाही. टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात 'प्रियस' विक्रीस आणली. भारतात होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रीड आणि टोयोटाने २०१० साली प्रियस आणून पाहिली. पण त्या आयात होत असल्याने किमती भारी पडल्या आणि खप बेताचाच राहिला. चित्र बदलले ते २०२२ साली. त्या वर्षी टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या जुळ्या बहिणी कर्नाटकातील बिडदीच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या. सुमारे दीड लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, लिथियम-आयन बॅटरी आणि चाचणीतील लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा यांमुळे 'हायब्रीड' हा शब्द महानगरांच्या बाहेर पोहोचला. लेक्सससारख्या खऱ्याखुऱ्या विलासी नाममुद्रेची हायब्रीड मोटार साठ लाखांच्या पुढे जाते. तिचा विचार या दोन शहरांत फारच थोडे लोक करतील. येथे चैनीची मोटार म्हणून जिच्याकडे पाहिले जाते ती शोरूमच्या भावाने सोळा-सतरा ते वीस लाखांची हीच छोटी हायब्रीड होय.

येथेच ग्राहकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. बाजारात 'हायब्रीड' हे नाव दोन निरनिराळ्या वस्तूंना लावले जाते. एकीत विजेचे यंत्र स्वतःच्या बळावर गाडी ओढू शकते. ती पूर्ण हायब्रीड. दुसरीत ते केवळ इंजिनाला किंचित हातभार लावते आणि सिग्नलला बंद पडलेले इंजिन झटकन सुरू करते. ती सौम्य हायब्रीड. ग्रँड व्हिटाराच्याच सौम्य प्रकाराचा चाचणीतील आकडा लिटरला २१ किलोमीटरच्या आसपास आहे. परदेशी विलासी मोटारींपैकी अनेकींवरही हायब्रीडचा शिक्का असतो, तो या सौम्य प्रकाराचा. मोठी बचत करते ती पहिली. दुसरीच्या नावावर पहिलीची कीर्ती खपविली जाते. पाटी वाचून दर ठरविण्याची सवय मोंढ्यातील आडत्यालाही नसते. तो पोत्यात हात घालून धान्य पाहतो. मोटारीच्या ग्राहकाने निदान तेवढे तरी करावे.

आता रानाकडे, म्हणजे या दोन शहरांकडे वळू. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाख आणि लातूरची पावणेचार लाखांच्या पुढे होती. त्यानंतर दोन्ही शहरे वाढली असली तरी त्यांचा व्याप पुण्या-मुंबईचा नव्हे. नांदेडमध्ये वजिराबादहून तरोडा नाक्याला जाणे हा लांबचा फेरा समजला जातो. विष्णुपुरीला विद्यापीठात जाऊन परतले तरी वीस-पंचवीस किलोमीटरच होतात. लातूरमध्ये गंजगोलाईपासून कोणत्याही दिशेला चार-पाच किलोमीटर गेले की शहर विरळ होऊ लागते. घर, महाविद्यालय किंवा कचेरी, मुलांची शिकवणी आणि भाजीबाजार एवढ्या फेऱ्या धरल्या तरी सामान्य कुटुंबाची मोटार दिवसाला पंधरा किलोमीटरांहून अधिक क्वचितच धावते. वर्षातील तीनशे दिवस ती वापरली, तर साडेचार हजार किलोमीटर झाले.

हिशेबासाठी काही गृहीतके मांडू. पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये धरू. गर्दीच्या रस्त्यावर त्याच आकाराची साधी स्वयंचलित पेट्रोल गाडी लिटरला १२ किलोमीटर आणि पूर्ण हायब्रीड २० किलोमीटर चालेल, असे मानू. म्हणजे किलोमीटरला पहिलीचा इंधनखर्च पावणेनऊ रुपये आणि दुसरीचा सव्वापाच रुपये झाला. किलोमीटरमागे साडेतीन रुपये वाचले. प्रमाण म्हणून पाहिले तर ही बचत मोठी आहे. इंधनाचा जवळजवळ चाळीस टक्के खर्च टळतो. परंतु साडेचार हजार किलोमीटरांवर ती वर्षाला १५,७५० रुपये भरते.

या बचतीसाठी मोजावे काय लागते? दोन्ही गाड्यांच्या किमतीत दोन लाखांचा फरक धरला, तर त्यावरील नोंदणीकर आणि विमा मिळून तो सव्वादोन लाखांवर जातो. मोटार कर्जावर घेतली आणि व्याजाचा दर नऊ टक्के असला, तर या वाढीव रकमेचे पहिल्या वर्षाचे व्याजच २०,२५० रुपये होते. म्हणजे पंधरा हजारांची बचत करण्यासाठी वीस हजारांचे व्याज भरावयाचे! मुद्दल तर बाजूलाच राहिले. रोखीने घेणाऱ्याने स्वतःला यातून मुक्त समजू नये. तीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत राहिली असती, तर वर्षाला १४,६२५ रुपये आले असते. त्याच्या हाती वर्षाअखेर हजार-अकराशे रुपये उरतात आणि गाडी मात्र वर्षभराने जुनी झालेली असते.

यावर असे म्हटले जाईल की, पेट्रोल स्वस्त राहणार नाही. मान्य. ते १३० रुपयांवर गेले असे धरले तरी वर्षाची बचत १९,५०० रुपये होते. कर्जदाराचे व्याज तरीही फिटत नाही. दुसरा आक्षेप असा की, गाडी विकताना हायब्रीडला अधिक भाव मिळेल. तोही विचारात घेऊ. बॅटरीची हमी सामान्यतः आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल त्याची असते. म्हणून आठ वर्षांचाच काळ धरू. विकताना वाढीव किमतीतील काहीच परत मिळाले नाही, तर व्याजासह तो पैसा फिटण्यासाठी वर्षाला सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर, म्हणजे रोज अडतीस-एकोणचाळीस किलोमीटर, शहरातच फिरावे लागेल. निम्मा पैसा परत मिळाला, तरी रोजचे तीस किलोमीटर चुकत नाहीत. विजेवरच्या महागड्या मोटारीलाही हाच ताळा लावून पाहावा. उत्तर फारसे निराळे येणार नाही.

'शहरात नाही, पण पुण्याला जाताना तर पैसे वाचतील ना?' असे काहीजण विचारतील. परंतु या यंत्राचा सारा पराक्रम थांबण्यात आणि पुन्हा निघण्यात आहे. लोहा-अहमदपूर-चाकूरमार्गे नांदेडहून लातूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगाने गाडी धावू लागली की, ब्रेकमधून शक्ती परत मिळविण्याचा प्रसंग क्वचितच येतो आणि इंजिन जवळजवळ अखंड चालू राहते. तेथेही ती साध्या गाडीपेक्षा मागे पडणार नाही. पण दोघींमधील अंतर घटते. म्हणजे जेथे ही गाडी अधिक वाचविते तेथे अंतर थोडे आणि जेथे अंतर मोठे तेथे बचत थोडी, अशी ही कोंडी आहे. पाणी असलेल्या रानात पेरावयाचे बियाणे कोरडवाहूत पेरण्यासारखेच हे झाले.

स्थानिक हवामानाचा वाटाही वगळून चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेलेला असताना उन्हात उभी असलेली मोटार थंड करण्यासाठी वातानुकूल यंत्राला जोर करावा लागतो. त्याची वीज बॅटरीतून जाते आणि बॅटरी भरण्यासाठी इंजिन वारंवार जागे होते. चार किलोमीटरांच्या फेरीत गाडी थंड होते न होते तोच घर येते. बऱ्याच हायब्रीड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा प्रवाशांच्या कक्षातून खेचली जाते. धुळीच्या प्रदेशात तिची जाळी वरचेवर साफ ठेवणे आवश्यक ठरते. बॅटरीमुळे सामानाची जागाही घटते. यांपैकी एकही दोष गाडी नाकारण्यासारखा नाही. मात्र जाहिरातीतील आकडा आणि मालकाच्या वहीतील आकडा यांत फरक का पडतो, याचे उत्तर त्यांत आहे.

मग लोक ही मोटार घेतात कशासाठी? सुखासाठी आणि प्रतिष्ठेसाठी. यात लज्जास्पद काही नाही. गाडी निःशब्द निघते, गर्दीत डावा पाय दुखत नाही, उंच आसनावरून रस्ता नीट दिसतो, वृद्ध आई-वडिलांना चढ-उतार करणे सोपे जाते. या सुखांना किंमत आहे आणि ती मोजण्याची ज्याची ऐपत आहे, त्याला अर्थशास्त्राने अडविण्याचे कारण नाही. हरकत आहे ती चैनीला काटकसर म्हणण्याला. चैन म्हणून केलेला खर्च माणूस आपल्या मिळकतीशी ताडून पाहतो. बचत म्हणून केलेल्या खर्चाला मात्र तो मर्यादा घालीत नाही, कारण त्यातून पैसे परत येणार असल्याची त्याची समजूत असते. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. आजच्या दिखाऊ उपभोगाने काटकसरीचा आणि पर्यावरणप्रेमाचा पोशाख चढविला आहे, एवढाच फरक. १८६५ साली 'द कोल क्वेश्चन' या ग्रंथात जेव्हन्स यांनी दाखविले होते की, इंजिने कमी कोळशात अधिक काम करू लागली की कोळशाचा एकूण खप वाढतो. 'किलोमीटरला सव्वापाच रुपयेच तर लागतात,' असे म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात मोटारीने जाणारा गृहस्थ त्याच नियमाची साक्ष देत असतो.

मराठवाड्याला मोटारीच्या प्रतिष्ठेची कथा नवी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटींचा हा व्यवहार देशभर गाजला. आपल्या शहराची क्रयशक्ती गुंतवणूकदारांच्या डोळ्यांत भरावी, हा त्यामागील उद्देश सांगितला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून या व्यवहाराची दुसरी बाजू मांडली. या मोटारींसाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज सात टक्क्यांनी दिले होते. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी मात्र बारा टक्के मोजावे लागत होते. ग्राहक खात्रीचा आणि तारण भक्कम असले की बँक दर उतरविते, हे बँकिंगच्या तर्कात बसते. परंतु ज्या प्रदेशाचा अनुशेष मोजण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला, त्या प्रदेशात उत्पादक यंत्राला महाग पैसा आणि उपभोगाच्या यंत्राला स्वस्त पैसा मिळावा, ही विसंगती केवळ बँकेची म्हणून सोडून देता येत नाही.

नांदेड-लातूरची बाजारपेठ आजही शेतीच्या जिवावर उभी आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये ठरली. त्या दराने अठरा लाखांची मोटार म्हणजे ३३८ क्विंटल सोयाबीन. एकरी नऊ-दहा क्विंटलांचा उतारा धरला तर पस्तीस एकरांचे पीक, तेही पेरणी, खते आणि मजुरी यांचा खर्च वजा न करता. केवळ हायब्रीडपणासाठी मोजावे लागणारे सव्वादोन लाख म्हणजे ४२ क्विंटल. आधारभूत दर प्रत्यक्षात पदरात पडेलच असे नाही, हे तर प्रत्येक शेतकरी जाणतो.

पगारदाराचे गणित याहून सोपे आहे, म्हणूनच ते अधिक कठोर आहे. अठरा लाखांच्या मोटारीवर नोंदणीकर आणि विमा धरून एकवीस लाखांच्या आसपास खर्च येतो. सहा लाख रोख भरून पंधरा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता चोवीस हजारांवर जातो आणि अखेरीस व्याजापोटी सव्वापाच लाख रुपये भरले जातात. प्राध्यापकाला किंवा वरिष्ठ लिपिकाला हा हप्ता अशक्य नाही. पण मुलाची लातुरातील शिकवणी, मुलीचे अभियांत्रिकीचे शुल्क आणि घराचे कर्ज हे सारे याच सात वर्षांत येणार असतात. ज्या घरात वेतन आयोगाची थकबाकी हातात पडण्यापूर्वीच हप्त्यात अडकते, त्या घराला पहिल्याच मोठ्या आजारपणात उसनवारी करावी लागते. लिटरला वाचलेले चार पैसे त्या वेळी उपयोगी पडत नाहीत.

राहिला शासनाचा प्रश्न. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा चार मीटरांहून लांब हायब्रीड मोटारींवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. मोठ्या एसयूव्हींवर तो ५० टक्क्यांपर्यंत जात होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला. चार मीटरांहून लांब किंवा १२०० घनसेंटिमीटरांहून मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या मोटारी, हायब्रीड असोत वा नसोत, आता ४० टक्क्यांच्या एकाच दावणीला बांधल्या आहेत. विजेवरील मोटारींचा दर मात्र पाच टक्केच आहे. राज्यात पेट्रोल मोटारींना किमतीनुसार अकरा ते तेरा टक्के मोटारवाहन कर भरावा लागतो. पेट्रोल कमी जाळणाऱ्या गाडीलाही तितकाच कर का, ही उत्पादकांची तक्रार सकृद्दर्शनी रास्त वाटते. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये पूर्ण हायब्रीड मोटारींचा नोंदणीकर माफ केला. महाराष्ट्रानेही त्याचे अनुकरण करावे, असा आग्रह होऊ शकतो.

या आग्रहापुढे शासनाने घाईने मान तुकवू नये. कराची सवलत हा सार्वजनिक पैसा आहे आणि तो कोणत्या यंत्राला दिला यापेक्षा कोणत्या कामाला दिला, हे महत्त्वाचे. वर उल्लेखिलेली खासगी मोटार साडेचार हजार किलोमीटरांत साध्या गाडीच्या मानाने वर्षाला दीडशे लिटर पेट्रोल वाचविते. तीच गाडी टॅक्सी म्हणून शहरात रोज शंभर किलोमीटर धावली, तर वर्षाला हजार लिटर वाचतील, मालकाचे एक लाखाहून अधिक रुपये राहतील आणि वाढीव किंमत अडीच वर्षांच्या आत वसूल होईल. यंत्र एकच, एकाच्या दारात ते शोभेची वस्तू असते, दुसऱ्याच्या दारात भांडवल. सवलत द्यावयाचीच असेल तर ती प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या आणि खरोखर धावणाऱ्या वाहनांना द्यावी. वीस लाखांच्या खासगी गाडीचा कर माफ करणे म्हणजे सायकलवरून शाळेत जाणाऱ्या शिक्षकाने मोटारीतून जाणाऱ्या शेजाऱ्याला वर्गणी देण्यासारखे आहे.

शिवाय पेट्रोल ही शहरातील एकमेव दुर्मिळ वस्तू नव्हे. त्याहून दुर्मिळ आहे ती जागा. सोळा रस्ते ज्या गंजगोलाईत येऊन मिळतात, तेथे पावणेदोन मीटरांहून अधिक रुंद आणि सव्वाचार मीटरांहून अधिक लांब गाडी उभी राहिली की, ती कशावर चालते याला अर्थ उरत नाही. हातगाडीवाला, रिक्षावाला आणि पायी चालणारी बाई या साऱ्यांची वाट ती सारखीच अडविते. २००८ साली गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडचे रस्ते रुंद झाले. आज त्यांच्या कडा उभ्या मोटारींनी भरलेल्या दिसतात. हायब्रीड यंत्राने धूर कमी होईल. कोंडी तसूभरही कमी होणार नाही.

ज्यांना इंधनाच्या बचतीची खरी चिंता आहे, त्यांनी एक साधा भागाकार करून पाहावा. एस. टी.ची बस लिटरभर डिझेलमध्ये साधारण साडेचार किलोमीटर जाते. पण चाळीस माणसे घेऊन. म्हणजे एका लिटरमागे १८० प्रवासी-किलोमीटर. हायब्रीड मोटारीत एकटा मालक बसला तर वीस आणि चौघे बसले तर ऐंशी. मोटारीचे सर्वांत प्रगत तंत्र भरलेल्या जुन्या बसच्या निम्म्यावरही पोहोचत नाही. सार्वजनिक बससेवेचा वारसा या भागाला नवीन नाही. हैदराबाद संस्थानात १९३२ सालीच सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली होती. धनंजयराव गाडगीळ यांनी १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा मोटारीकडे वाहतुकीची सेवा म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी अर्थशास्त्रात रुजली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने शहरांसाठी दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना मंजूर केली. तिच्यातील तीन लाख लोकसंख्येच्या निकषात नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे बसतात. दर दहा मिनिटांना खात्रीने येणारी बस तरोडा नाक्यावर किंवा गोलाईत उभी राहिली, तर पेट्रोलची जी बचत होईल ती शोरूममधील कोणत्याही गाडीला साधणार नाही.

याचा अर्थ हायब्रीड मोटारीच्या उद्योगाला मराठवाड्याने पाठ दाखवावी असा नव्हे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने छत्रपती संभाजीनगरनजीक सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. तेथे हायब्रीड आणि विजेच्या मोटारी तयार व्हावयाच्या आहेत. हा कारखाना उभा राहून लातूर-नांदेडच्या तंत्रनिकेतनांतील मुलांना त्यात काम मिळाले, तर ते मनापासून स्वागतार्ह ठरेल. मोटार तयार करणाऱ्या प्रदेशाला मजुरी, कौशल्य आणि पूरक उद्योग मिळतात; ती केवळ विकत घेणाऱ्या प्रदेशाला हप्ते मिळतात. २०१० च्या दीडशे मोटारींनी जे साधावयाचे म्हटले होते, ते साधलेच तर अशा कारखान्याने साधेल.

ग्राहकाने तरी एवढे करावे : शोरूममध्ये जाण्यापूर्वी महिनाभर आपल्या सध्याच्या वाहनाचे किलोमीटर वहीत टिपावेत. शहरातले रोजचे अंतर चाळीसच्या पुढे जात असेल, तर हायब्रीड मोटार घेण्यात व्यवहार आहे आणि ती नि:शंक घ्यावी. ते तीस-चाळीसच्या दरम्यान असेल, तर किमतीतील नेमका फरक आणि व्याजाचा दर विचारून निर्णय करावा. ते पंधराच्या घरात असेल आणि तरीही मोटार हवी असेल, तर ती जरूर घ्यावी. मात्र घरच्या जमाखर्चात तिची नोंद 'बचत' या सदरात न करता 'चैन' या सदरात करावी आणि शासनाकडे तिच्यासाठी सवलत मागू नये. संकरित ज्वारीच्या वेळी मराठवाड्याच्या शेतकऱ्याने पदरमोड करून जे शिकून घेतले, ते त्याच्या शिकल्या-सवरल्या मुलांना फुकट शिकता येण्यासारखे आहे. बियाणे कितीही नामांकित असो, पेरण्यापूर्वी रान पाहावेच लागते.